फिरत्या तबकडीचा हिशेब

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही गाळ्यात शिरा. लेथ असो की पिलर ड्रिल, मोटारीवरच्या पत्र्याच्या पाटीवर बहुधा १४४० हा आकडा दिसेल. ग्राइंडर असेल तर २८८०. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे चार पोलची मोटार मिनिटाला पंधराशेच्या जरा खालीच फिरते. 'आरपीएम' हा शब्द आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. कामावरून परतणाऱ्या माणसाच्या डब्याबरोबर तो संध्याकाळी घरात यायचा.

त्यामुळे २००२-०३ च्या सुमारास घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले, तेव्हा एक गंमत झाली. मशीन जोडून देणारा पोरगा विचारायचा, "काका, हार्ड डिस्क ५४०० ची टाकू की ७२०० ची? थोडे पैसे जास्त पडतील, पण मशीन पळेल." कॅशे, चिपसेट, बस हे शब्द ऐकून गप्प बसलेला फिटर इथे मान वर करायचा. बाकी सगळे परके, पण आरपीएम आपला! त्यातून २००१ च्या अखेरीस चाकणच्या कारखान्यातली पल्सर रस्त्यावर आली होती आणि पट्ट्यातल्या तरुण पोरांच्या बोलण्यात सीसी आणि आरपीएमशिवाय दुसरा विषय नव्हता. मोठा आकडा म्हणजे मोठा वेग, हे कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं.

ते जादाचे पैसे वसूल झाले का, एवढाच प्रश्न आज मला तुमच्यासमोर मांडायचा आहे. प्रश्न लहान दिसतो. पण तेव्हा कॉम्प्युटर घेणारं घर कुठलं होतं ते आठवा. २००१ मध्ये एमकेसीएलचा 'एमएस-सीआयटी' कोर्स सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला आणि पोराच्या भविष्यासाठी म्हणून लोकांनी हप्त्यावर मशीनं घेतली. निगडी, आकुर्डी, कासारवाडी, दापोडी इथल्या दोन खोल्यांच्या घरांत, शिवणयंत्राशेजारी, क्रोशाच्या झाकणाखाली ती बसली. कंपनीत कायम असलेल्याला हप्ता जड नव्हता. कंत्राटावर असलेल्याला प्रत्येक शंभराची नोट मोजावी लागत होती. अशा घराने 'वेगा'साठी दिलेले काहीशे रुपये कुठे गेले, हे पाहायला हवं.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने '३०५ रॅमॅक' हे यंत्र जाहीर केलं. कॅलिफोर्नियात सान होजेच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली ते तयार झालं. हे जॉन्सन मूळचे शाळामास्तर, मला ही गोष्ट फार आवडते. या यंत्राच्या डिस्कच्या कपाटात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर ओवलेल्या होत्या. कपाटाचं वजन टनाच्या वर. त्यात मावायची ५० लाख अक्षरं. पूर्ण यंत्राचं महिन्याचं भाडं ३,२०० डॉलर. हवी ती नोंद सापडायला सरासरी सहा दशांश सेकंद लागायचे आणि त्या काळी तो चमत्कार होता, कारण त्याआधी टेप सुरुवातीपासून गुंडाळत न्यावी लागे, नाहीतर पंचकार्डांचे गठ्ठे उपसावे लागत. तबकड्या फिरायच्या मिनिटाला १२०० फेऱ्यांनी. आपल्या लेथच्या मोटारीपेक्षाही कमी.

पुढे मोठ्या ड्राइव्हच्या मोटारी थेट मेनलाइनवर चालू लागल्या. अमेरिकेतली वीज ६० सायकलची, म्हणून ३६०० फेऱ्यांचा आकडा रूढ झाला. वीज बाजूला पडली तरी आकडा राहिला. १९८० मध्ये सीगेटने टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी पाच एमबीची छोटी हार्ड डिस्क काढली, तीही ३६०० चीच. १९८३ मध्ये आयबीएमच्या 'पीसी एक्सटी'त दहा एमबीची डिस्क आली आणि आता जागा भरायचीच नाही असं लोकांना वाटलं. मग १९९२ मध्ये सीगेटची 'बाराकुडा' ७२०० फेऱ्यांनी फिरू लागली, १९९६ मध्ये 'चीता' दहा हजारांनी आणि २००० मध्ये तिचीच पुढची पिढी पंधरा हजारांनी. माशांची, श्वापदांची ही नावं देण्यामागे विकणाऱ्याचं डोकं होतं हे उघड आहे. पण या डिस्क घरासाठी नव्हत्याच. बँका, टेलिफोन कंपन्या, मोठे कारखाने, जिथे शेकडो माणसं एकाच वेळी एका यंत्राकडे नोंदी मागतात, तिथल्या सर्व्हरसाठी त्या होत्या. तिथून ७२०० चा आकडा हळूहळू घरगुती डिस्कवर उतरला. २००३ मध्ये वेस्टर्न डिजिटलने 'रॅप्टर' आणली. दहा हजार फेरे, टेबलावरच्या मशीनसाठी, जागा मात्र ३६ जीबी.

आता आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहा. १९५६ ची १२०० फेऱ्यांची तबकडी २००३ मध्ये घरात ७२०० ने फिरत होती. ४७ वर्षांत सहापट. त्याच काळात ५० लाख अक्षरांची जागा ८० जीबीपर्यंत गेली, म्हणजे ढोबळमानाने सोळा हजारपट. जागा वाढवायला तबकडीवर चुंबकीय खुणा अधिकाधिक दाट लिहायच्या असतात. फेरे वाढवायला मात्र धातू पळवावा लागतो. धातू पळवला की तो तापतो, कंप पावतो, आवाज करतो. पंधरा हजारांची डिस्क करताना आतल्या तबकड्यांचा व्यासच कमी करावा लागला, म्हणजे जागा गेली. जुन्या डिस्क बॉल बेअरिंगवर फिरत आणि वर्षा-दोन वर्षांत किणकिणू लागत. २००१ च्या सुमारास द्रवावर तरंगणारी बेअरिंगं आली तेव्हा कुठे तो आवाज गेला. ज्या चिंचवडमध्ये एसकेएफने बेअरिंगचा कारखाना काढला, तिथल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आता मूळ हिशेब. आमचे दुल्हाभाई भोसरीत जॉबवर्कचं वर्कशॉप चालवायचे. दोन सीएनसी, बाकी जुनी लेथ. भाच्याने मशीन घ्यायचं काढलं तेव्हा ७२०० चा विषय त्यांच्यापुढे आला. त्यांनी कॉम्प्युटरचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "स्पिंडल पळवून जॉब लवकर निघतो का ते आधी बघ."

त्यांचं म्हणणं असं. समजा एका जॉबचा सायकल टाइम १०० सेकंद आहे. त्यात टूल प्रत्यक्ष कापतं ४० सेकंद. उरलेले ६० सेकंद जॉब लावणं, टूल बदलणं, माप घेणं, जॉब काढणं यांत जातात. तुम्ही स्पिंडल एक तृतीयांशाने जास्त पळवला तर ४० चे ३० होतील. जॉब ९० सेकंदांत निघेल. स्पिंडल ३३ टक्के वाढला, वेळ १० टक्के वाचला. १९६७ मध्ये जीन अॅम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने हाच विचार कॉम्प्युटरसाठी मांडला आणि त्याला 'अॅम्डालचा नियम' म्हणतात. भोसरीत तो कुठल्याही सुपरवायझरला नाव माहीत नसताना येतो.

डिस्कचं अगदी तसंच आहे. एखादी फाइल उघडताना आधी एक बारीक हात, ज्याच्या टोकाला हेड असतं, योग्य वर्तुळावर सरकावा लागतो. त्या काळच्या घरगुती डिस्कमध्ये याला सरासरी नऊएक मिलिसेकंद लागत. मग हवी ती जागा फिरून हेडखाली येईपर्यंत थांबायचं, जत्रेतल्या पाळण्याची आपली खुर्ची खाली येईपर्यंत थांबतो तसं. सरासरीने हे थांबणं अर्ध्या फेऱ्याचं. ५४०० ची डिस्क सेकंदाला ९० फेरे घेते, म्हणून अर्धा फेरा साडेपाच मिलिसेकंदांचा. ७२०० ची घेते १२०, म्हणून सव्वाचारच्या आत. दोन्हींत हात सरकायचे नऊ मिळवा. एकीकडे साडेचौदा, दुसरीकडे सव्वातेरा. ५४०० वरून ७२०० म्हणजे बरोबर ३३ टक्के वाढ आणि वाचला तो सुमारे दहा टक्के वेळ. दुल्हाभाईंचा सायकल टाइम जसाच्या तसा.

तरी तक्रार खरीच होती. मशीन हळू चालायचं, हे काही लोकांच्या मनाचे खेळ नव्हते. मग वेळ जायचा कुठे? त्या काळच्या स्वस्त मशीनमध्ये रॅम असायची १२८ एमबी. त्यातला काही भाग बोर्डावरचं ग्राफिक्सच खाऊन टाकायचं. उरलेल्यात विंडोज एक्सपी, वर अँटिव्हायरस, वर वर्ड. जागा संपली की विंडोज रॅममधला माल उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. रॅममधून एखादी गोष्ट काढायला सेकंदाच्या एक कोटीव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो. डिस्कवरून तीच आणायला त्याच्या लाखपटीहून अधिक. दिवा लुकलुकतोय, डिस्क कुरकुरतेय आणि माऊसचा बाण वाळूचं घड्याळ होऊन बसलाय, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. अशा वेळी १२८ ची रॅम २५६ केली असती तर ती वारीच थांबली असती. डिस्क ७२०० ची करून वारी तशीच राहिली, फक्त दिंडी जरा भरभर चालली. माझं मत स्पष्ट आहे: सर्वसाधारण घराने फेऱ्यांसाठी दिलेला पैसा रॅममध्ये घालायला हवा होता. दुकानदार ते क्वचितच सांगायचे, कारण रॅमला आरपीएमसारखा तोंडात बसणारा आकडा नव्हता.

याला अपवाद होते, आणि ते आपल्याच गल्लीत होते. लग्नाचं शूटिंग करणारी मंडळी. मिनी डीव्ही टेपवरचं एका तासाचं चित्रण डिस्कवर उतरवलं की साधारण १३ जीबी जागा घेतं, आणि ते टेपच्याच वेगाने, न थांबता उतरवावं लागतं. डिस्कने मध्येच दम खाल्ला तर चौकट गळते आणि नेमका मंगलाष्टकांत किंवा निकाहच्या कबुलीत झटका बसतो. इथे हेडला फारसं इकडेतिकडे पळायचं नसतं, सलग लिहायचं असतं, आणि सलग कामात फेऱ्यांचा फायदा पुरेपूर मिळतो. अशा माणसाने ७२०० ची दुसरी, वेगळी डिस्क फक्त व्हिडिओसाठी लावली तर ते पैसे एका सीझनमध्ये वसूल व्हायचे. मी स्वतः त्या वर्षांत चिंचवड स्टेशनजवळ डीटीपी करायचो, बी.ए. मराठी झालेल्या कवीला दुसरं काय मिळणार! लग्नपत्रिका, रेट कार्ड, संदलची पोस्टरं, मित्रांचे कवितासंग्रह. मोठ्या फोटोच्या फाइली उघडताना ७२०० चा फरक कळायचा. कवितेची फाइल उघडताना कळायचा नाही. कसा कळणार? दोन केबीची कविता वाचायला तबकडीच्या एका फेऱ्याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. सगळा वेळ तिच्यापर्यंत पोचण्यात जातो.

कंपन्यांनाही हे कळत होतं. १९९६ मध्ये क्वांटमने 'बिगफूट' नावाची सव्वापाच इंची जाडजूड डिस्क काढली, फेरे पुन्हा ३६००! भरपूर जागा, कमी किंमत, वेग बैलगाडीचा. घरगुती मशीनमध्ये ती बऱ्यापैकी खपली. २००७-०८ मध्ये वेस्टर्न डिजिटलने 'ग्रीन' डिस्क आणल्या आणि त्यांवर फेऱ्यांचा आकडाच छापला नाही. 'इंटेलिपॉवर' असा एक शब्द लिहून मोकळे झाले. आत साधारण ५४०० चीच मोटार होती. पण खुणा इतक्या दाट लिहिलेल्या की सलग वाचनात ती चार वर्षांपूर्वीच्या ७२०० च्या डिस्कला मागे टाकायची. पाटीवरचा आकडा पाहून खरेदी करणाऱ्याची यात चांगलीच पंचाईत झाली.

आणि वीज! तिचा विचार तर फेऱ्यांच्या नादात कुणी केलाच नाही. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली, तोवर राज्यात भारनियमनाने कळस गाठला होता. २००६ मध्ये पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला. उद्योगांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यातून वाचलेली वीज शहराला द्यायची आणि ग्राहकांनी त्यासाठी थोडा जादा आकार भरायचा. त्याने शहराला दिलासा मिळाला. पट्ट्याच्या कडेच्या गावांची तऱ्हा निराळी होती. दिवे गेले की डिस्कचं काय होतं, हे ऐकण्यासारखं आहे. फिरती तबकडी लगेच थांबत नाही. तिच्या उरलेल्या फिरण्यातून मोटारच क्षणभर जनरेटर होते आणि त्या विजेवर हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवलं जातं. फार हुशारीची रचना आहे. पण हेड वाचलं तरी अर्धवट लिहिलेली फाइल वाचत नाही. तबकडी ५४०० ची असो की १०,००० ची, फाइल सारखीच जाते. छोटा यूपीएस असलेल्या घरात ती टिकायची. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांचा वर्षभर टाइप केलेला वंशावळीचा मजकूर असाच एका दुपारी गेला. त्यांच्याकडे त्याची दुसरी प्रत नव्हती. मशीन घेताना ज्याने त्यांच्याकडून वेगाचे पैसे घेतले, त्याने सीडीवर कॉपी काढून ठेवा एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

२००८ मध्ये मात्र या प्रश्नाचं उत्तरच पालटलं. सप्टेंबरमध्ये इंटेलने 'एक्स २५-एम' ही ८० जीबीची एसएसडी आणली. किंमत ५९५ डॉलर, म्हणजे आपल्यासाठी तेव्हा स्वप्नच. आत तबकडी नाही, हात नाही, फेरा नाही. नोंद सापडायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा. दुल्हाभाईंच्या भाषेत सांगायचं तर जॉब लावणं-काढणं हेच बंद झालं. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले आणि साध्या हार्ड डिस्कच्या किमतीही आपल्याकडे भडकल्या. त्यानंतरच्या वर्षांत एसएसडी हळूहळू स्वस्त होत आवाक्यात आली. आज दहा-बारा वर्षांचं मशीन घरात पडून असेल आणि त्यात फिरती डिस्क असेल, तर तिथे एसएसडी टाकण्याइतका वसूल होणारा खर्च दुसरा नाही. विंडोज १० ची सुरक्षा-सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, तेव्हा अशा मशीनवर लिनक्स टाकून घ्यावं हे बरं.

पण पोरगा पुन्हा विचारतोच. आता तो म्हणतो, "मामू, साधी साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबी देते. एनव्हीएमई घेतली तर साडेतीन हजार, महागातली घेतली तर सात हजार." आकडा पुन्हा छाती फुगवून उभा. सलग मोठ्या फाइली हलवणाऱ्याला, फोर-के व्हिडिओ कापणाऱ्याला त्याचा उपयोग आहेच. बिलं, फोटो, पोरांचा अभ्यास एवढंच करणाऱ्या घराला साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक डोळ्यांनी ओळखता येणार नाही. आजकाल दोन्हींच्या किमतीही जवळ आल्यात, म्हणून बोर्डाला जी बसते ती घ्यावी आणि सात हजारांच्या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

जुन्या डिस्कचं काय करायचं, हेही सांगतो. पट्ट्यातलं बरंचसं भंगार वर्षानुवर्षं चिखलीच्या कुदळवाडीत जायचं. तिथली हजारो बांधकामं फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पाडली आणि तो धंदा विखुरला. डिस्क फोडली की ॲल्युमिनियम निघतं, आतला लोहचुंबक इतका कडक असतो की पोरं त्याने खिळे गोळा करतात. पण न पुसलेली डिस्क भंगारात देणं म्हणजे घरातलं कपाट कुलपाशिवाय देणं. आणि बरी चालत असेल तर भंगारात द्यावीच कशाला? एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना कपाटात ठेवली तर आतली नोंद विरू शकते. फिरत्या तबकडीवरच्या चुंबकीय खुणा तशा पडून राहतात. त्यामुळे जुनी डिस्क एका यूएसबी डबीत घालून तिच्यावर महिन्याला एकदा सगळ्याची प्रत काढावी आणि डबी मशीनपासून सोडवून दुसऱ्या खोलीत ठेवावी.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक जादाची सूचना. २००० च्या आगेमागे श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेलं लेखन युनिकोडमध्ये नाही. ती फाइल सर्वांत वेगवान एसएसडीवरही इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा म्हणून उघडते. त्या फाइली आहेत तशा न ठेवता युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्याव्यात, आणि रूपांतरात जोडाक्षरं व रफार हमखास बिघडतात म्हणून एकदा स्वतः वाचून काढाव्यात. माझ्याकडे अशा १४० फाइली होत्या. अकरा राहिल्यात.